गॅस गेला कुठे?

“गजूभाऊ, तुम्ही म्हणता गॅस संपला. पण संपला म्हणजे गेला कुठे?”

बाकड्यावर चहा पीत बसलेल्या चार-पाच जणांनी एकदम माना वळवल्या. एकाने कप तोंडाशी नेला होता, तो तसाच धरून ठेवला. गॅरेजमध्ये पोरगी येते ती बापाच्या मागे उभी राहायला, प्रश्न विचारायला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यांवर स्वच्छ दिसत होतं.

पैज इफ्फतने लावली होती. ती आणि शर्वरी रस्त्यापलीकडच्या रसवंतीत बसून माझ्याकडे टक लावून बघत होत्या. नुकतीच माझी नववी संपली होती, वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आले होते, आणि तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही असं त्या दोघींचं ठाम मत होतं. “वर्गात सरांना कोणीही विचारेल,” इफ्फत म्हणाली होती. “तिथे, त्या बाप्यांसमोर विचारून दाखव. मग मानलं तुला.”

गजूभाऊंनी हात फडक्याला पुसले. अकोल्यात आमच्या भागात गाडीचा एसी म्हटलं की गजूभाऊच. होळीच्या सुमारास त्यांनीच आमच्या गाडीत गॅस भरला होता, आणि एप्रिलमध्ये एसी गरम फुंकर मारायला लागला. त्यांनी पुन्हा भरला. आता मे लागला होता आणि पुन्हा तेच.

“वापरल्यावर संपणारच ना व पोरी,” ते म्हणाले. “पेट्रोल नाही संपत?”

“पेट्रोल जळतं. त्याचा धूर होतो. एसीचा गॅस जळतो का?”

“जळत नाही.”

“मग? आमच्या घरचा फ्रिज आईच्या लग्नातला आहे. त्यात कोणी कधी गॅस भरला नाही. तोच तो आतल्या आत फिरतो.”

“फ्रिज काय खड्ड्यातून जाते काय? गाडी हादरते. वर्षा-दोन वर्षांत थोडा कमी होतेच.”

“वर्षात ठीक आहे. महिन्यात?”

तेव्हा ते हसले. माझ्याकडे बघून नाही, बाकड्याकडे बघून. “ते तुमच्या मम्मीले विचार. गाडी आता त्याच चालवतात ना?”

बाकडं हसलं. कप तोंडाशी धरून बसलेल्याला ठसका लागला, तरी तो हसतच राहिला.

मी रस्ता ओलांडून परत आले. शर्वरीने माझ्यासाठी रस सांगून ठेवला होता, आलं घातलेला, बर्फ जास्त.

“काय म्हणाले?”

“गॅस आईने प्यायला म्हणाले.”

दोघी हसल्या आणि माझा चेहरा बघून थांबल्या. तो रस मी प्याले नाही. मला रस किती आवडतो हे ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल मी किती चिडले होते ते.

आई गाडी चालवायला नुकतीच, गेल्या हिवाळ्यात शिकली होती. लायसन्सच्या परीक्षेत ती पहिल्या झटक्यात पास झाली होती, आणि बाबांना लायसन्स तिसऱ्या खेपेला मिळालं होतं, पण हे आमच्या घरात कोणी काढत नसे. आई अंगणवाडी सेविका. तिला आता पर्यवेक्षिका म्हणून बोलावणं आलं होतं. पातूरच्या बाजूची गावं, एकमेकांपासून लांब, एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, तीही मनात आलं तर. गाडी असेल तरच जमण्यासारखं काम. तिला होकार की नकार हे सोमवारी कार्यालयात जाऊन सांगायचं होतं.

आणि गेल्या आठवड्यात बाबांनी गाडीची किल्ली देवघराच्या खिळ्यावरून काढून स्वतःच्या खिशात ठेवली होती. ओरडून नाही. बाबा ओरडत नाहीत. “राहू दे काही दिवस,” एवढंच म्हणाले. “एसीचं कळेपर्यंत. या उन्हात तशी कशी जाशील तू?”

हे बाबांच्या डोक्यातलं नव्हतं. हे मोठेबाबांचं होतं. मोठेबाबा म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, खाली राहतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी गाड्या सोडण्यात गेली, त्यामुळे गाड्यांमधलं सगळं कळतं असं ते म्हणतात. स्वतः त्यांनी सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा ते अंगणात गाडीसमोर उकिडवे बसले होते. शनिवार होता. आई गाडी चालवायला लागल्यापासून ते दर शनिवारी न चुकता गाडीला नवं लिंबू-मिरची बांधायचे. बाबा चालवायचे तेव्हा दसऱ्याला एकदा बांधलं की वर्षभर चालायचं. आता लिंबू, सात मिरच्या, खाली बिब्बा, सगळं तारेत ओवलेलं. ती तार समोरच्या जाळीतून आत घालून, जीभ दातात धरून ते पिळत होते.

“मोठेबाबा, दोऱ्याने बांधा की. तार कशाला?”

“दोरा तुटते. आणि ही जाळी प्लास्टिकची, हिले बांधून काय फायदा? आत लोखंड-बिखंड लागते हाताले. त्याले बांधलं की मजबूत.” त्यांनी हात बाहेर काढला आणि लिंबाला नमस्कार केला. “तुही माय सुखरूप परत यावी म्हणून करतो मी हे. तुले काय वाटलं?”

ते खरंच त्यासाठीच करत होते. म्हणूनच तर भांडता येत नव्हतं.

जेवताना विषय निघणार हे ठरलेलंच होतं. मोठेबाबा शनिवारी वरच जेवतात.

“मी गजूले फोन केला होता,” ते भाकरी मोडत म्हणाले. “तो म्हणे खालून मार लागला असंल. गतिरोधकावर आपटली की नळ्या ढिल्या होतात. बाईच्या हातात गाडी म्हटलं की हे चालायचंच. मी तुम्हाले दोष नाही देऊन राहिलो.”

“मी आपटली नाही, भाऊजी,” आई म्हणाली.

“तुम्हाले कळत नसंल.”

मी आईच्या मागच्या सीटवर बसून कितीदा गेले आहे. ती गतिरोधक असा ओलांडते की डिकीत कोणी दुधाचं पातेलं काठोकाठ भरून ठेवलं असावं. बाबा जातात तेव्हा माझं डोकं छताला लागतं. हे मी म्हणाले. याच शब्दांत.

“केतकी,” बाबा म्हणाले.

“काय केतकी? तुम्ही सांगा ना लागतं की नाही.”

“जेव.”

आई ताटात बघत होती. “जाऊ दे गं,” ती म्हणाली. “मी सोमवारी नाही म्हणून सांगते. पुढच्या वर्षी बघता येईल.”

तिने हे अगदी सहज, भाजी वाढता वाढता म्हटलं. मला बाबांचा राग आला होता, मोठेबाबांचा आला होता, गजूभाऊंचा तर दुपारपासून होताच. पण त्या क्षणी सगळ्यात जास्त आईचा आला. न केलेल्या गोष्टीची माफी मागितल्यासारखा तिचा आवाज होता.

“गॅस कुठून जातो हे कोणी बघितलंय का?” मी विचारलं.

“गजूने बघितलं,” बाबा म्हणाले. “मागच्या वेळी त्याने गॅसबरोबर तो रंग पण टाकला आत. गळती असेल तिथे रंग बाहेर येतो. काही दिसलं नाही म्हणाला.”

“नुसत्या डोळ्याने?”

“त्यावर निळा दिवा मारावा लागतो म्हणे, मग चमकतो तो रंग. त्याचा दिवा बिघडलाय.”

बाबा पतसंस्थेत कॅशियर आहेत. नोट खरी की खोटी हे बघायला त्यांच्या बॅगेत पेनाएवढा एक दिवा असतो. लहानपणी मी तो माझ्या पांढऱ्या मोज्यांवर मारून बसायची, मोजे जांभळे-निळे पेटायचे. मी बाबांकडे बघितलं. ते शांतपणे वरण-भात कालवत होते. निळा दिवा हा शब्द स्वतःच्या तोंडाने बोलून ते वरण-भात कालवत होते.

मी काही बोलले नाही. हे माझ्या बाबतीत इतकं दुर्मिळ की आईने मान वर करून बघितलं.

रविवारी सकाळी बाबा नेहमीची बॅग घेऊन पुन्हा गॅस भरायला निघाले. मोठेबाबा पुढच्या सीटवर बसले. मी मागचं दार उघडलं आणि स्वयंपाकघरात जाऊन आईचा हात धरला.

“मी कशाला? कुकर लावलाय.”

“आरोप तुझ्यावर आहे. तू तिथे पाहिजेस.”

“केतकी, तमाशा नको.”

“तमाशा काल बाकड्यावर झाला, आई. तू नव्हतीस म्हणून जोरात झाला.”

तिने गॅस बंद केला. पदर खोचलेला होता तो सोडून नीट घेतला आणि चपला घातल्या.

गॅरेजमध्ये बाकडं भरलेलंच होतं. रविवारी तर जास्तच. गजूभाऊंनी मीटर लावला, काटा बघितला आणि बाबांना म्हणाले, “गेला. थोडासाच राहिला.” आणि गॅसची टाकी ओढायला वळले.

“थांबा,” मी म्हणाले. “आधी बघू कुठून जातो.”

“पोरी, दिवा नाही माझ्याजवळ.”

मी खिशातून दिवा काढला. बाबांनी आधी दिव्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बॅगेकडे, मग पुन्हा दिव्याकडे.

“अन् या उजेडात काय दिसंल?” गजूभाऊ म्हणाले.

कोपऱ्यात ताडपत्री पडली होती. मी ती ओढत आणली. इंजिनाच्या तेलाचा आणि उंदराच्या लेंड्यांचा वास येत होता तिला. बाकड्यावरून कोणीतरी म्हणालं, “गजू, आता तुही नोकरी गेली.” गजूभाऊ चिडले, आणि मला तेच हवं होतं, चिडल्याशिवाय ते काही खाली डोकं घालणार नव्हते. त्यांनी बॉनेट उघडलं, आम्ही दोघं आत वाकलो आणि बाबांनी वरून ताडपत्री टाकली.

अकोल्याचा मे, वरून ताडपत्री, खालून इंजिन. नुसता घाम. पण अंधार झाला. मी दिवा लावला.

“हा कॉम्प्रेसर,” गजूभाऊ म्हणाले. मी दिवा फिरवला. काळं, कोरडं. “हे जोड.” काही नाही. “जिथून गॅस भरतो ती तोंडं.” तिथे थोडं हिरवट चमकलं, पण त्यांनी बोटाने पुसलं आणि ते गेलं. “ते भरताना सांडलेलं.”

मग आम्ही ताडपत्री घेऊन खाली लोळलो. शाळेतल्या कोणी मला त्या अवस्थेत बघितलं असतं तर वक्तृत्वाचा कप परत मागितला असता. गाडीच्या पोटाला धूळ होती, सारखी, सगळीकडे. ना ओरखडा, ना पोचा. निळ्या उजेडात काही म्हणजे काही चमकलं नाही.

“गजूभाऊ, इथे मार लागलाय?”

“नाही.”

“मोठ्याने म्हणा ना.”

“काय?”

“बाहेर ऐकू जाईल असं. फोनवर मोठ्याने म्हणाला होतात.”

 ते ताडपत्रीच्या आतूनच मोठेबाबांना हाक मारून ओरडले, “विलासभाऊ, खालून काही लागेल नाही गाडीले. एकदम साफ आहे.”

 बाहेरून मोठेबाबांचा आवाज आला, “मग जाते कुठी?”

तोच प्रश्न. काल मी विचारला तेव्हा तो हसण्यासारखा होता.

राहिला फक्त समोरचा भाग. जाळीच्या मागे एसीचा कंडेन्सर असतो, पातळ पत्र्यांची फणी असावी तसा, आणि त्याच्या कडेने एक बारीक ॲल्युमिनियमची नळी वर चढते. गजूभाऊंनी ताडपत्री पुढे ओढली. ते उजवीकडून बघायला लागले, मधला भाग सोडून डावीकडे गेले.

“मधे का नाही बघत?”

“मधे ते आहे ना.” त्यांनी हनुवटीने दाखवलं. लिंबू. कालचंच, टवटवीत, माझ्या नाकासमोर लटकत होतं. “दुसऱ्याच्या लिंबाले हात लावत नाही मी. कोणीच लावत नाही. गाडी धुणारा पण बाजूबाजूने धुते.”

“मागच्या वेळी पण असंच सोडलंत?”

ते डावीकडचाच जोड पुन्हा पुसायला लागले.

मी हात न लावता दिवा लिंबाच्या मागे नेला.

ते पेटलं. दुसरा शब्द नाही माझ्याजवळ. पोपटी, झगझगीत, रेडियमच्या घड्याळासारखं. नळीवरून ओघळ खाली आला होता, जाळीच्या तळाशी थेंब साचले होते, आणि सगळ्याच्या वर, जिथून ओघळ सुरू होत होता तिथे, तारांचा एक गुंता होता. एक तार नाही. मोठेबाबा दर शनिवारी जुनं लिंबू तोडून फेकत होते, पण तार आतच राहायची, आणि नवी तिच्यावर पिळली जायची. गंजलेली, गाठी मारलेली, हिवाळ्यापासूनची सगळी तार त्या बारीक नळीला आवळून बसली होती. नळी जिथे दिसत होती तिथे पांढरी भुकटी धरली होती. लिंबाचा रस, लोखंड आणि ॲल्युमिनियम. हा प्रयोग आम्ही नववीत काचेच्या भांड्यात केला होता, आणि मला त्यात पूर्ण गुण होते.

मी ताडपत्री उचलली. सगळे वाकले. बाकड्यावरचेही उठून आले. काल ठसका लागलेला सगळ्यात पुढे होता.

“हे काढावं लागेल,” गजूभाऊ हळूच म्हणाले. पण त्यांचा हात पुढे गेला नाही.

मी हात घातला.

“ए, लावू नको हात,” मोठेबाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. “कालचंच बांधेल आहे. असं अर्ध्यात काढत नसतात. काही झालं तर?”

“झालंय ना आधीच. आणखी काय व्हायचंय?”

“केतकी, थांब,” बाबा म्हणाले. “दादा, तुम्हीच काढा मग.”

मोठेबाबांनी हात मागे बांधले. बाबांनी गजूभाऊंकडे बघितलं. गजूभाऊंनी पान्ह्याकडे बघितलं. इतके पुरुष, आणि एक लिंबू.

“पक्कड द्या,” आई म्हणाली.

गॅरेजमध्ये आल्यापासूनचं तिचं पहिलं वाक्य होतं ते. गजूभाऊंनी पक्कड दिली. आई गाडीसमोर बसली, पदर मांडीखाली दाबला, आणि एक-एक तार धरून तोडायला लागली. घाई नाही. जशी ती अंगणवाडीत पोरांच्या बोटातले काटे काढते तशी. लिंबू तिने बाजूला नीट ठेवलं, पायात येणार नाही असं. शेवटची तार निघाली तेव्हा गजूभाऊंनी साबणाचा फेस नळीवर लावला. फेस फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

“हेच,” ते म्हणाले.

मला वाटलं आता कोणीतरी बोलेल.

बोलले. सगळेच बोलले. गजूभाऊ म्हणाले नळी बदलावी लागेल, नागपूरहून मागवू. ठसकावाला म्हणाला त्याच्या मेव्हण्याच्या गाडीचं पण असंच झालं होतं, आणि ते खोटं होतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मोठेबाबांचा चेहरा जरा वेळाने खुलला. “बघा,” ते म्हणाले, “गाडीवर येणारं संकट नळीवर निभावलं. लिंबाने काम केलं का नाही?” आणि बाबा, माझे बाबा, हसले. सुटल्यासारखे हसले. “चला, सापडलं एकदाचं.”

आई पक्कड हातात धरून उभी होती. तिच्या बोटांना गंज लागला होता. दोन महिने खड्डे, गतिरोधक, बाईचा हात, आणि त्यातलं एक अक्षर परत घ्यायला तिथे कोणी तयार नव्हतं. ते सगळं कोणी बोललंच नव्हतं जणू. आपोआप गळून गेलं होतं, गॅससारखं.

“मग आईची किल्ली?” मी म्हणाले.

“अगं, नळी येऊ दे,” बाबा म्हणाले. “एसी चालू होऊ दे. मग बघू.”

“सोमवार उद्या आहे, बाबा.”

“बघू म्हटलं ना.”

हा ‘बघू’ मी ओळखते. माझ्या सायकलचा ‘बघू’ दोन वर्षं चालला होता. मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे. तिने तोंड उघडलंही.

मी तिला म्हणू दिलं नाही. मी बाबांसमोर जाऊन हात पुढे केला, तळवा वर. तेल लागलेला, काळा. बाबांनी त्यात किल्ली ठेवली. का ठेवली ते आजही मी त्यांना विचारलेलं नाही. बहुतेक बाकडं बघत होतं म्हणून.

ती किल्ली मी आईला दिली आणि दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणाले, बाकड्यालाही गेलं असेल तर जाऊ दे, “आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या मी आईबरोबर कार्यालयात जाणार आहे, आणि ती हो म्हणेपर्यंत तिथून हलणार नाही. गाडी आई चालवणार. एसी नाही, काही नाही, काचा खाली करून जाऊ. आणि यापुढे ती चालवत असेल तरच मी या गाडीत बसेन, बाबा. आत्ता घरी जाताना तुम्ही आणि मोठेबाबा मागे बसा. वाटेतल्या पुलाच्या गतिरोधकावर डोकं छताला लागतं का ते सांगा मला.”